अण्णांना दुखणं नको, काम विचारा

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

मी दापोली तालुक्यातल्या एका गावात शाळेत शिकवते. वडील ७७ वर्षांचे आहेत. १९६५ साली नेव्हीत भरती झाले, १९८० साली पेन्शन घेऊन आले. १९६९ ते १९७३ अशी चार वर्षं ते जुन्या ‘विक्रांत’च्या बॉयलर रूममध्ये होते. ७१ची लढाई त्यांनी त्याच जहाजावर काढली. दीड वर्षापासून त्यांना ढास लागते. घरामागची पाखाडी चढताना तीनदा बसावं लागतं. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये ‘दोन्ही बाजूंना फुप्फुसाच्या आवरणावर कॅल्शियमचे चट्टे’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, जुना टीबी असेल, शिवाय बिडी ओढायचे (१९९८ला सोडली), वयही झालंय.

भाच्याने नेटवर शोधून सांगितलं की जुन्या युद्धनौकांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि अमेरिकेत त्याची भरपाई मिळते. अण्णांपुढे हा विषय काढला तर ते ताटावरून उठले. ‘माझ्या जहाजाला नावं ठेवायची नाहीत’ म्हणाले. जहाज तोडायला घेतलं तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. धाकटा भाऊ म्हणतो, आता उकरून काय मिळणार?

आई ७१ वर्षांची आहे. मुंबईत क्वार्टर्समध्ये असताना अण्णांच्या डांगऱ्या तीच धुवायची. तिचीही तपासणी करावी का? भाऊ पावसाआधी गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे फोडून काढणार आहे, त्या धुळीचा अण्णांना त्रास होईल का? आणि हसू नका, पण भावाने ‘विक्रांत’च्या लोखंडाची म्हणून मोटरसायकल घेतली होती, तिच्यात तर काही धोका नाही ना?

— एक मुलगी

उत्तर

बाई,

मोटरसायकलचं आधी निकालात काढतो. हसलो नाही. जहाजाचं पोलाद भट्टीत वितळवून त्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत वापरलं होतं. ॲस्बेस्टॉस पोलादात नसतं, ते पोलादाभोवती गुंडाळलेलं असतं. गाडीला काही धोका नाही. अण्णा जाता-येता त्या टाकीवर हात फिरवत असतील तर खुशाल फिरवू द्या.

आता एक्स-रे. पत्रावरून निदान करायचं नाही हा माझा नियम आहे आणि तो मोडत नाही. पण ‘दोन्ही बाजूंना’ आणि ‘आवरणावर’ हे शब्द वाचून मी चष्मा पुसून रिपोर्टची ती ओळ पुन्हा वाचली. जुन्या टीबीचे डाग बहुतेकदा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतात. टीबीने आवरण जाड झालं तर ते सहसा एका बाजूचं असतं. दोन्ही बाजूंच्या आवरणावर, त्यातही श्वासपटलावर, कॅल्शियमचे चट्टे दिसले की डॉक्टरने एक प्रश्न विचारायलाच हवा: तुम्ही काम काय करत होतात? तुमच्या डॉक्टरांनी तो विचारला नाही म्हणून त्यांच्यावर रागावू नका. चाळीस वर्षांपूर्वी मीही विचारला नव्हता. माझगावच्या बाजूचा एक फिटर माझ्याकडे धाप लागते म्हणून यायचा. मी त्याला नऊ महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता. तो आयुष्यभर जहाजांच्या वाफेच्या नळांवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं ॲस्बेस्टॉसचं वेष्टन, काढत आणि घालत आला होता, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं, तेही तो गेल्यावर. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने रोग्याला ‘तुझा धंदा काय?’ असं विचारा म्हणून १७०० सालीच सांगून ठेवलं होतं. परीक्षेत त्याचं नाव लिहून मी मार्क मिळवले होते.

म्हणून तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ एक्स-रेची नाही. ‘बॉयलर रूममध्ये होते’ ही आहे. आणि नेमकी तीच गोष्ट अण्णा आनंदाने सांगतील, जर ती नीट विचारली तर.

‘विक्रांत’ची गोष्ट आपण सगळे वरच्या डेकपासून सांगतो. ४ डिसेंबर १९७१ला सी हॉक विमानं उडाली, कॉक्स बझारवर हल्ला झाला, मग चितगाव, पुढे खुलना आणि मोंगला. कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळालं. सगळं खरं आहे. पण विमानवाहू जहाजावरून विमान उडतं ते वाफेवर. ‘विक्रांत’चा कॅटापल्ट वाफेचा होता, आणि विमानाला उचलून धरायला समोरून जो वारा लागतो त्यासाठी जहाजाला वेग घ्यावा लागतो, तोही वाफेचाच. अलिझेसारखं जड विमान तर मंद वाऱ्यात उडवणं जिकिरीचं. ती वाफ चार बॉयलर करायचे, आणि त्या बॉयलरांपुढे तुमचे अण्णा उभे असायचे. नेव्हीत त्यांना स्टोकर म्हणत, म्हणून ते कोळसा ढकलत होते असं समजू नका. बॉयलर तेलावर चालायचे.

यातला पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. जून १९७० मध्ये बॉयलरांच्या पाण्याच्या ड्रमना आतून तडे गेलेले सापडले. वेल्डिंगने जाण्यासारखे ते नव्हते. नवे ड्रम इंग्लंडहून मागवले, आणि ते येईपर्यंत बॉयलर पेटवायचे नाहीत असा हुकूम आला. सात-आठ महिने जहाज मुंबईत थंड पडून होतं. लढाईचे ढग दिसायला लागल्यावर, नवे ड्रम आलेले नसतानाच, २६ फेब्रुवारी १९७१ला ते धक्क्यावरून नांगरवाड्यात नेलं आणि १ मार्चला कमी दाबावर बॉयलर पेटवले. एकेकाळी साडेचोवीस नॉट धावणारं जहाज डिसेंबरात लढलं ते वेगावर बंधन घेऊन. चितगाववर हल्ले चालू होते तेव्हा खाली अण्णा आणि त्यांचे सोबती दाबाच्या काट्यावर डोळा ठेवून बसले असतील, तो काटा लाल रेषेकडे सरकला तर काय होईल हे पक्कं ठाऊक असताना. मला विचाराल तर पदकांच्या यादीत हे बसत नाही, एवढंच.

आणि बॉयलर तपासायचा म्हणजे तो उघडावा लागतो. उघडायचा म्हणजे त्याच्यावरचं आणि नळांवरचं लॅगिंग फोडून काढावं लागतं. काम झालं की पुन्हा लावावं लागतं. त्या काळी हे लॅगिंग म्हणजे बहुधा मॅग्नेशियाचा लगदा, साधारण पंधरा टक्के ॲस्बेस्टॉस मिसळलेला. पाण्यात कालवून हाताने थापायचा, वर कापड शिवायचं, मग पांढरा रंग. जोडांमधले गॅस्केट, व्हॉल्व्हच्या दांड्यांभोवतीचं पॅकिंग, गरम व्हॉल्व्ह फिरवायचे हातमोजे, सगळीकडे हाच खनिज धागा. अण्णांच्या काळात तुमच्या जहाजावर नेमकं कुठे किती होतं याची यादी माझ्याकडे नाही. पण हे जहाज १९४३ साली इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी बांधायला घेतलं, १९४५ला ‘हर्क्युलीस’ नावाने पाण्यात उतरलं, अर्धवट पडून राहिलं, आपण १९५७ला विकत घेतलं आणि बेलफास्टला पुरं होऊन ४ मार्च १९६१ला आपल्या नौदलात आलं. त्या काळातल्या वाफेच्या युद्धनौकेत ॲस्बेस्टॉस नसणं हेच नवल. लोखंडाच्या डब्यात आग, तेल आणि दारूगोळा एकत्र ठेवायचा तर न जळणारं, न तापणारं असं दुसरं स्वस्त काही तेव्हा नव्हतं.

धोका तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता, असं मात्र म्हणू नका. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या मजुरांची फुप्फुसं खराब होतात हे ब्रिटनमध्ये १९३०च्या सरकारी पाहणीत नोंदलं गेलं आणि पुढच्याच वर्षी कारखान्यांसाठी नियम झाले. जहाजाच्या पोटात काम करणाऱ्यांपर्यंत ते नियम पोचले नाहीत. आवरणाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९६०ला मांडला. आणि डेव्हनपोर्टच्या गोदीत लॅगिंग काढताना किती धूळ उडते हे ब्रिटिश नौदलाच्याच एका डॉक्टरने १९६८ला छापलं. म्हणजे अण्णा ‘विक्रांत’वर चढण्याच्या आदल्या वर्षी.

अण्णांशी बोलताना हा इतिहास काढू नका. ते ताटावरून उठले ते बरोबरच होतं, कारण तुम्ही (म्हणजे भाच्याने) गोष्टीची सुरुवात शेवटाकडून केलीत. ‘तुमच्या जहाजाने तुम्हाला आजारी केलं’ हे ऐकायला कुणालाही जड जाईल. त्याऐवजी जेवणं झाल्यावर पडवीत बसवा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा, त्यांना सांगून, चोरून नव्हे, आणि विचारा: अण्णा, ते ड्रमला तडे गेले तेव्हा तुम्ही काय करत होतात? लॅगिंग कोण फोडायचं, तुम्ही की डॉकयार्डचे लोक? ते फोडताना दिसायचं कसं, धुकं पडल्यासारखं? तोंडाला काही बांधायचात का? झाडून काढायचात की ओलं करून? झोपायचात त्या मेसडेकमधून वाफेचे नळ जायचे का, आणि जहाज थरथरलं की वरून पांढरं पडायचं का? ‘विक्रांत’आधी आणि नंतर कोणत्या जहाजांवर होतात? पेन्शन आल्यावर गावात काय काम केलंत?

हे सगळं एका कागदावर साल घालून उतरवून काढा. एक पान पुरे. छातीच्या डॉक्टरला तुमच्या एक्स-रेपेक्षा या पानाची जास्त गरज आहे.

आता डॉक्टर. अण्णा पेन्शनर आहेत, म्हणजे ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल. नसेल तर आधी ते करा. पॉलिक्लिनिकमधून छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवायला सांगा, जमल्यास कुलाब्याच्या ‘अश्विनी’ला. नौदलाच्याच रुग्णालयात अण्णा जास्त मोकळे बोलतील, असा माझा अंदाज. तिथे छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन, होईल. तो करताना त्यांना पालथं झोपवूनही फोटो काढायला सांगा. उताणं झोपल्यावर म्हाताऱ्या फुप्फुसाच्या मागच्या भागात नुसत्या वजनाने सावली दिसते, ती पालथं केल्यावर जाते. खरे व्रण जात नाहीत. फुंकायची तपासणी, वायू रक्तात किती उतरतो याची तपासणी (डीएलसीओ म्हणतात), सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन मोजणं, एवढं झालं की बरंच कळतं. थुंकी टीबीसाठी तपासायचीच, आपल्या देशात ते टाळून चालत नाही. पण जंतू सापडल्याशिवाय किंवा तज्ज्ञाने ठाम कारण दिल्याशिवाय ‘देऊन बघू’ म्हणून गोळ्या सुरू करू देऊ नका. माझा फिटर आठवा.

निकाल काय लागू शकतो? नुसते चट्टे असतील तर ते निरुपद्रवी आहेत. ते कर्करोग नव्हेत आणि त्यांचा कर्करोग होत नाही. पूर्वी ॲस्बेस्टॉसचा धागा श्वासातून छातीत गेला होता, त्याची ती खूण. मात्र नुसत्या चट्ट्यांनी पाखाडीवर तीनदा बसावं लागत नाही, म्हणून दमाचं कारण शोधायचं. ते बिडीने झालेलं असेल, हृदयाचं असेल, किंवा ॲस्बेस्टॉसिस असेल, म्हणजे फुप्फुसाच्या तळाशी हळूहळू पडलेले व्रण. धागा इतका बारीक की शरीराला तो विरघळवता येत नाही की बाहेर टाकता येत नाही. पेशी त्याच्याशी झगडत राहतात आणि झगड्याच्या जागी व्रण पडत जातात. वीस, तीस, कधी पन्नास वर्षांनी माणसाला दम लागतो. पन्नास वर्षांपूर्वीचं आता कसं वर आलं, हे भावाला विचित्र वाटतंय ना? या आजाराची चालच तशी आहे.

ॲस्बेस्टॉसिस निघालंच तर व्रण पुसणारं औषध नाही. स्टेरॉइडचा उपयोग नाही, कुणी देऊ केलं तर कारण विचारा. उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा: फ्लू आणि न्यूमोनियाची लस, श्वासाचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, रोज थोडं चालणं, ऑक्सिजन खाली जात असेल तर घरी ऑक्सिजन. छातीत एका बाजूला सतत दुखणं, पाणी भरणं, थुंकीतून रक्त, वजन उतरणं यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

बिडीबद्दल तुमचे डॉक्टर चुकले नाहीत, अर्धंच बोलले. बिडी आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. १९९८ला सोडली हे अण्णांनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. हे त्यांना सांगा. या वयात बापाला कुणी शाबासकी देत नाही.

आई. डांगऱ्या झटकून धुणाऱ्या बायकांना आवरणाचा कर्करोग झाल्याची उदाहरणं आहेत. लंडनमधल्या रुग्णांच्या पाहणीत १९६५ सालीच ती नोंदली गेली. तरी आईचा धोका अण्णांपेक्षा बराच कमी. तिला दम, खोकला, छातीत दुखणं काही नसेल तर तिला सीटीच्या यंत्रात घालायची घाई नको. एक साधा एक्स-रे पुरे. आणि पुढे कधीही छातीचं काही निघालं तर ‘नवऱ्याचे बॉयलर रूमचे कपडे धुवायचे’ हे वाक्य तिने स्वतः डॉक्टरला सांगायला हवं. तिला ते पाठ करून ठेवायला सांगा. बायकांना कुणी धंदा विचारत नाही.

पैशाचं स्पष्ट बोलतो. भाच्याने वाचलेल्या अमेरिकन जाहिराती तुमच्या उपयोगाच्या नाहीत. तिथले खलाशी नौदलावर दावा करू शकत नाहीत. त्यांना पैसे मिळतात ते एकतर माजी सैनिकांच्या खात्याकडून, नाहीतर ॲस्बेस्टॉसचा माल विकणाऱ्या कंपन्यांकडून: दावा करून, किंवा दिवाळखोर झालेल्यांनी ठेवलेल्या निधीतून. ब्रिटनने २०१६पासून आवरणाचा कर्करोग झालेल्या माजी सैनिकांना एकरकमी एक लाख चाळीस हजार पौंड देऊ केले. आपल्याकडे तशी स्वतंत्र योजना नाही. आपल्याकडे रस्ता अपंगत्व पेन्शनचा: आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला, हे मान्य व्हावं लागतं. निवृत्तीनंतर पंचेचाळीस वर्षांनी ते मान्य करून घेणं कठीण आहे, अशक्य म्हणणार नाही. पण आधी तज्ज्ञाचं लेखी निदान हवं, त्यात ‘ॲस्बेस्टॉस’ हा शब्द आणि कामाचा इतिहास हवा. मग सेवेचे कागद: कोणत्या जहाजावर, कधी, कोणत्या ट्रेडमध्ये. खलाशांच्या नोंदी मानखुर्दच्या ‘कॅब्स’ या नौदलाच्या कार्यालयाकडे असतात. अर्ज करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं, फी न घेता. नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत बसतं. ‘हमखास मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला चहाही पाजू नका. आणि हे बोलायला अवघड, पण लिहितो: सगळ्या तपासण्यांचे मूळ कागद आणि सीडी जपून ठेवा. उद्या आईच्या कुटुंब पेन्शनचा प्रश्न आला तर ते लागतील.

भाऊ विचारतो, उकरून काय मिळणार? पैसे मिळतीलच असं नाही. पण न लागणाऱ्या टीबीच्या गोळ्या टळतील, कर्करोग झालाच तर लवकर सापडेल. मला तेवढं पुरेसं वाटतं.

आणि त्याच भावाला आजच्या आज फोन करा. गोठ्यावरचे ते जुने ‘सिमेंटचे’ पत्रे म्हणजे बहुतेक ॲस्बेस्टॉस सिमेंटच आहे. आपल्या देशात ते आजही विकतं. पत्रा अखंड आहे तोवर त्याचा त्रास नगण्य. हातोड्याने फोडला, कटरने कापला की तोच धागा हवेत. फोडायचे नाहीत. आकड्यांचे नट सोडवायचे, गंजले असतील तर नटच कापायचे, पत्र्यावर आधी पाणी मारायचं, अखंड खाली घ्यायचे, झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, काम करणाऱ्याने पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क बांधायचा (एन-९५ या धाग्याला पुरत नाही) आणि कपडे बाहेरच भिजवायचे. आईने झटकायचे नाहीत, ह्या वेळी तरी. तुकडे गडग्यात किंवा पाखाडीच्या भरावात घालू नका, हे आपल्याकडे सर्रास चालतं. ग्रामपंचायतीला विचारून, ओले करून, जाड प्लास्टिकमध्ये बांधून द्या. त्या दिवशी अण्णांना तुमच्याकडे घेऊन या.

तो दिवस रेकॉर्डिंगला चांगला आहे. सीटीचा रिपोर्ट आला की मला पाठवा, आणि त्याच्यासोबत ते एक पानही. कमी दाबावर बॉयलर पेटवला त्या दिवशी खाली कोण कोण होतं, हे अण्णांना आठवत असेल तर तेही लिहा.